मुंग्यांची पाठराखीण

मुंग्या लागल्यात म्हणून औषध विचारायला आलीस व्हय? ये, बस. उंबऱ्यावर नको, आत सोप्यात बस. आमचा उंबरा मोकळा ठेवायची रीत हाय, का ते सांगते.

औषधं लई हाईत. चुलीतली राख पेर, हळद पेर, चुन्याची रेघ ओढ. बीळ सापडलं तर घासलेट ओत. करंजाच्या तेलात चिंधी भिजवून कोपऱ्यात ठेव. ह्या वडगावात मुंग्यांच्या मागं लागण्यात मी जेवढा जन्म घातला, तेवढी देवाच्या मागं लागले असते तर तो आजपतूर दारात येऊन उभा राहिला असता. पण आधी मला सांग पोरी, तुझ्या घरातलं कुणी एवढ्यात गेलंय काय? न्हाय ना? मग सोपं हाय. मग मुंग्या म्हणजे नुसत्या मुंग्या.

आमच्या घरात तसं न्हवतं.

तू ह्या गल्लीत नवी, म्हणून मुळापासनं सांगते. मला समदी गुणाआत्ती म्हणत्यात. हे घर माझ्या भावाचं. माझं लगीन निपाणीला झालतं, आणि मला न्हाण यायच्या आधीच नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी कुंकू पुसलं, बैलगाडीत घातलं आणि हितं आणून सोडलं. भाऊबंद दारात गोळा झाले. हिला ठेवायची का, हिचा पायगुण कसला, असं माझ्यादेखत चाललं व्हतं. तेवढ्यात माझी वहिनी भाकरी थापता थापता तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली आणि म्हणली, "माहेराला आलीया, राहू दे." बस, तेवढंच. त्या एका बोलण्यावर माझा समदा जन्म ह्या घरात गेला.

वहिनी लवकर गेली, भाऊही गेला. त्यांचा सुबराव मीच वाढवला. त्याला खासबागेतल्या कोष्ट्याचीच लेक केली, जयवंता. मोजकं बोलणारी. मी दिवसभर बोलायची आणि ती "व्हय आत्ती" म्हणायची, म्हणून आमचं जमलं. त्यांना एकच पोरगी, यल्लू. खरं नाव यल्लव्वा, सौंदत्तीच्या देवीचं, पण एवढ्याशा पोरीला एवढं मोठं नाव कोण घेतंय?

आमचं घर विणणाऱ्याचं. ह्याच सोप्यात माग व्हता, मागाखाली खड्डा. खड्ड्यात पाय सोडून सुबराव दिवसभर लुगडी विणायचा. मागावर चढवायच्या सुताला पिठाची खळ लावावी लागती, न्हायतर धागा तुटतो. आता पीठ म्हटलं की मुंग्या आल्याच, तांबड्या, बारक्या, चावऱ्या. मी त्यांच्याशी रोज लढायची आणि यल्लू रोज त्यांना जेवू घालायची. रहाटापाशी बसून ती बापासाठी कांड्या भरायची. एका हातानं रहाट आणि दुसऱ्या हातात गूळ.

"गूळ सांडू नको गं भवाने," मी म्हणायची.

"सांडत न्हाय आत्ती, वाढतीया," ती म्हणायची. "त्यांची पोरं उपाशी हाईत."

"आणि तुझ्या बापाच्या पायाला चावत्यात ते?"

"आप्पा त्यांच्या घरात पाय सोडून बसतोय. मग चावतीलच की."

सुबराव मागावर हसायचा, जयवंता चुलीपाशी हसायची, आणि मी राखेचं भांडं घेऊन उगंच रागावल्यागत करायची.

बेळगावात काँग्रेस भरली ना, त्याच्या आदल्या सालच्या दिवाळीची गोष्ट. फराळ संपायच्या आत यल्लूला ताप भरला. मुदतीचा ताप. शहापुराहून डॉक्टर आणला, त्यानं बाटलीतलं औषध दिलं. देवीचा अंगारा लावला. तिला माजघरात निजवली तर म्हणाली, मला मागाचा आवाज पायजे. मग हितंच, खड्ड्याच्या कडंला हातरूण घातलं. सुबराव विणायचा आणि ती ऐकत पडायची. तापात भान गेल्यावर तिचा उजवा हात फिरत राहायचा, रहाट फिरवावा तसा. जयवंता तो हात धरून बसायची. एके दिवशी दुपारी हात थांबला. सुबरावनं माग थांबवला आणि वाकून बघितलं. पोरगी गेलती.

जयवंताला तवा पाचवा म्हैना व्हता.

माती देऊन माणसं परतली. आमच्यात एक रीत हाय, तुमच्यातही असंल. माणूस जिथं जातं त्या जागी पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा आणि वर वेताची बुट्टी पालथी घालायची. मग बुट्टी उचलून पिठावर पाऊल बघायचं. पाखराचं उमटलं तर पाखराचा जन्म, जनावराचं उमटलं तर त्या जनावराचा. असलं बघायला आमच्या गल्लीत बाळाबाईला बोलवायचे. म्हातारी झालती, डोळ्यानं कमी दिसायचं, पण मान मोठा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बुट्टी उचलली. पिठावर बारीक बारीक ठिपक्यांची ओळ, आणि त्या ओळीच्या शेवटाला दोन तांबड्या मुंग्या.

"मुंगी झाली गं तुझी लेक," बाळाबाई जयवंताला म्हणली. "लांब गेली न्हाय. घरातच हाय."

मी मनात म्हटलं, बाई गं, ह्या घरात पीठ पसरल्यावर मुंग्या न्हाय तर काय हत्ती येणार? खड्ड्यात वारूळभर मुंग्या आणि त्यांच्या तोंडापाशी पीठ. पण ते मनातच ठेवलं. जयवंताचं तोंड बघितलं आणि ठेवलं. कालपासनं दगडासारखी बसलेली बाई पहिल्यांदा रडली व्हती. रडू दे म्हटलं. दोन दिवस त्या आधारावर निघत्यात तर निघू देत.

पण दोन दिवसांचं ते न्हवतंच.

जयवंतानं सोपा झाडायचा सोडला. झाडायची ती हातानं, चिंधी घेऊन, एकेक मुंगी बाजूला सारून. माझं राखेचं भांडं नाहीसं झालं. चुन्याच्या रेघा तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी खड्ड्याच्या कडंला चिमूटभर पीठ नि गुळाचा खडा. आणि ती त्यांच्याशी बोलायची. मोठ्यानं न्हाय, आपलं पुटपुटल्यागत. "आज थंडी हाय, बाहेर जाऊ नको." "आप्पाच्या पायाला चावू नको गं, त्याला काम हाय."

खायला मिळाल्यावर मुंग्या वाढायच्याच. खड्ड्यातनं मागावर चढल्या, खळीच्या सुतावरनं रांगा लागल्या. सुबरावच्या पायाला गांधी उठायच्या. मागाच्या फणीचा दाबून ठोका मारला की एखादी चिरडायची आणि रेशमी काठावर डाग पडायचा. लुगडं परत यायचं. तो बिचारा ठोका मारायच्या आधी वाकून बघायचा, फुंकर घालायचा, मग मारायचा. अशानं कुठं लुगडं होतंय? पण बायकोला एक शब्द बोलला न्हाय. मला वाटायचं, ह्यालाही ते खरं वाटतंय की काय.

संक्रांत झाली आणि माझा धीर सुटला. जयवंता पाण्याला गेलेली बघून मी हंडाभर पाणी खळाखळा उकळलं आणि खड्ड्याशी आणलं. ओतणार, तेवढ्यात ती दारात. भरली घागर खाली ठेवली, आली, आणि आपले दोन्ही पाय खड्ड्याच्या तोंडाशी ठेवून उभी राहिली. सातवा म्हैना, पोट एवढं पुढं आलेलं.

"ओता आत्ती," म्हणली. "माझ्या पायावर ओता."

"जयवंते, शुद्धीवर ये गं. हे किडे हाईत."

"तुमाला असतील."

"अगं, तुझी यल्लू गेली. मातीत गेली. मी डोळ्यानं बघितली."

"मीही बघितली," ती म्हणली. "म्हणूनच सांगती. आता दुसऱ्यांदा मला बघवणार न्हाय."

हंडा मी मागल्या दारी न्हेऊन मोरीत ओतला. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाय.

शिमग्याच्या तोंडाला ती बाळंत झाली. पुन्हा पोरगीच. नाक-डोळे समदं यल्लूचं, अगदी कानाच्या पाळीपतूर. गल्लीतल्या बाया म्हणल्या, तुझीच यल्लू परत आली गं. मलाही वाटलं, देवानंच वाट काढली. आता ही पोर मांडीवर आली म्हणजे मुंग्यांचं खूळ आपसूक जाईल. मी तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "बघ, आली का न्हाय परत?"

ती बाळाकडं बघत राहिली. मग म्हणली, "आत्ती, दोन ठिकाणी कशी असंल? ती खड्ड्यात हाय की."

मग मला खरंच भ्या वाटलं. मागलं तर गेलंच, पण आता पुढलंही जाईल, असं वाटलं. बाळंतिणीच्या घरात दूध, गूळ, डिंक, खोबरं. मुंग्या माजघरात शिरल्या. मी पाळण्याच्या दोऱ्यांना करंजाचं तेल लावलं, ते तिनं पुसलं न्हाय, एवढं खरं. पण बाळ काय सारखं पाळण्यात थोडंच असतंय? पाजताना शेजारी घेतलेलं असायचं. पोर अशक्त, रडायचीही हळू. मी रात्रंदिवस तिच्यावर डोळा ठेवायची आणि देवीला म्हणायची, ही एवढी ठेव, बदल्यात ह्या म्हातारीला ने.

चैत्रातल्या एका दुपारी जयवंताचा डोळा लागला. मी मागल्या दारी बाळाची दुपटी धूत व्हते. पोरगी रडत असंल, पण तिचं रडणं मागल्या दारी यायचं न्हाय. हात पुसत आत आले तर बाळाच्या तोंडाशी दूध ओघळलेलं, आणि त्या दुधापासनं भुईपतूर तांबडी रांग. गालावर, डोळ्याच्या कोपऱ्यात, कानात. एक डोळा सुजून मिटून गेलेला. पोर आता रडतही न्हवती, नुसती धापा टाकत व्हती.

मी तिला उचलली, झटकली, पाण्यात बुडवली, तेल चोळलं. सुबराव मागावरनं धावत आला. जयवंता जागी झाली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी काय काय बोलले मला आठवत न्हाय. चांगलं न्हवतं एवढं आठवतंय. बाळाला बापाच्या हातात दिली, घासलेटची बाटली काढली आणि खड्ड्याकडं निघाले. म्हटलं, आता ती पायावर काय, डोक्यावर ओत म्हणली तरी ओतायचं.

जयवंता आडवी आली न्हाय. तिनं बाळ मागून घेतलं. सुजलेला डोळा बघितला, दुसरा बघितला. बाळानं तोंड फिरवून चाचपलं, तिनं पदराखाली घेतलं. पोर दूध ओढायला लागली तसा आमचा तिघांचाही जीव भांड्यात पडला. जयवंतानं पदर सावरला. मग म्हणली, "आत्ती, मारू नका. मी तिला नांदायला लावून देती."

"कुणाला?"

"यल्लूला. लेक ती लेक. कधीतरी धाडायचीच व्हती."

सुबराव मागाच्या खांबाला टेकून उभा व्हता. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

तिनं समदं ठरवलं. गल्लीच्या टोकाला, शेतं सुरू होत्यात तिथं बांधावर मोठं वारूळ हाय. पंचमीला बायका पुजायला जात्यात तेच. ते सासर. आधीच्या संध्याकाळी तिनं घरातला कण न् कण झाकला. डबे पाण्याच्या परातीत ठेवले, सोपा पहिल्यांदा केरसुणीनं झाडला, खळीचं भांडं मागल्या दारी न्हेलं. मुंग्यांना घरात खायला काय ठेवलं न्हाय. सुबरावनं मागाच्या कडंला उरलेल्या सुतावर रेशमाचा धागा घालून एक लुगडं विणलं. बोटभर रुंदीचं, पण काठासकट, पदरासकट. मी त्याला इतक्या वर्षांत इतकं मन लावून विणताना बघितलं न्हवतं.

सकाळी तिनं खड्ड्याच्या कडंला हळद-कुंकू वाहिलं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, गुळाचा खडा, लेकीची ओटी भरत्यात तशी. मग पीठ आणि गुळाचा चुरा कालवून बारीक धार सोडली, खड्ड्यापासनं सोप्यातनं उंबऱ्यापतूर. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

"आईनं उंबऱ्याबाहेर जायचं नसतंय," म्हणली. "आत्ती, पुढं तुमी जावा. पाठराखीण म्हणून."

पोरी, तुला ठावं हाय, नवरीसंगं पाठराखीण म्हणून कुणाला धाडत्यात. चांगल्या कपाळाच्या बाईला. माझ्यासारखीनं हळदीच्या ताटाला हातही लावायचा नसतो. जन्मभर लग्नघरात मी आपली मागल्या दारी भांडी घासत बसलेली. मी म्हटलं, "जयवंते, मला कशी चालंल?"

"तुमी न्हाय तर कोण?" ती म्हणली. "तिला तुमच्याशिवाय झोप यायची काय?"

मी पिठाचं ताट घेतलं.

मुंग्या पिठावर आल्या, पण बीळ सोडून जायला काय त्या खुळ्या हाईत? घुटमळायल्या. घ्यायच्या आणि परत खड्ड्यात. तवा जयवंताच नवऱ्याला म्हणली, "चुन्याचं पाणी सोडा मागल्या अंगानं. थोडं थोडं. कुठली लेक आपण व्हऊन उठती? मागनं ढकलावंच लागतंय." तो वाकून ओतायला लागला. जरा वेळानं भुईतनं रांग बाहेर आली. लाल रेघच्या रेघ, आणि तोंडात पांढरी पांढरी अंडी धरलेली. पोरंबाळं घेऊन निघाल्या व्हत्या. जयवंतानं बाळाला उचलून दाखवलं. "बघ, ताई चालली तुझी," म्हणली.

मी पुढं पुढं पिठाची धार सोडत गल्लीत उतरले. वाकून वाकून कंबर मोडली. जरा बसायची, रांग जवळ आली की पुन्हा पुढं. कोंबड्या हाकलायच्या, कुत्रं हाकलायचं. दारादारात बाया उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हसत्यात. हसल्या असत्या तर मी तिथंच एकेकीचं कूळ काढणार व्हते. कुणी हसलं न्हाय. मधेच समोरनं भावकूची बैलगाडी आली, जळणानं भरलेली. मी रस्त्यात उभी राहिले.

"थांब रं भावकू. लेक चाललीया."

त्यानं रांग बघितली, आमच्या दाराकडं बघितलं. यल्लू गेलेली त्याला ठावं व्हतं, माती द्यायचा खड्डा त्यानंच काढलता. "आयतु, बरं आत्ती," म्हणला आणि बैल सोडून झाडाखाली बांधले. रांग पुरी जाईपतूर गाडी तिथंच उभी व्हती.

वारुळाशी पोचायला दिवस कलला. वाटेत किती मेल्या, किती दुसऱ्यांच्या भिंतीत शिरल्या, देवाला ठावं. बऱ्याचशा पोचल्या. मी वारुळाच्या तोंडाशी उरलेला गूळ ठेवला, सुबरावनं विणलेलं लुगडं ठेवलं. आता पाठराखीण म्हटल्यावर सासरच्यांना दोन शब्द सांगावे लागत्यात. आजूबाजूला कुणी न्हाय बघून मी म्हटलं, "पोर लहान हाय. सांभाळून घ्या. कामाला चपळ हाय, कांड्या भरती. गूळ तेवढा आवडतो तिला, त्याला न्हाय म्हणू नका. आणि माहेरची म्हातारी रागं भरायची ते मनावर घेऊ नको म्हणावं गं बाई, ती उगंच वरडायची." आणि मग मला रडू आवरलं न्हाय. यल्लू गेली त्या दिवशी मी रडले न्हवते. घर सांभाळायचं व्हतं ना. त्या बांधावर बसून ते समदं रडून घेतलं.

घरी आले तर जयवंता उंबऱ्याच्या आत तशीच उभी.

"पोचली काय?"

"पोचली."

"रडली?"

"न्हाय गं. नीट गेली."

तिनं मान हलवली आणि आत गेली. सुबरावनं दुसऱ्या दिवशी खड्डा चुन्यानं सारवला, भोकं बुजवली, घासलेट फिरवलं. मुंग्या चुन्यानं गेल्या का पाठवणीनं, ते मला विचारू नकोस. गेल्या. बाळाचा डोळा उतरला, अंग धरायला लागली. जयवंता पुन्हा केरसुणी मारायला लागली. पण सोपा झाडून झाला की खड्ड्याकडं बघत उभी राहायची, आणि तिथं काय नसायचं.

मग श्रावण आला. पंचमी म्हणजे आमच्या भागात लेकींचा सण. कुणी चिकोडीहून, कुणी खानापुराकडनं, गल्लीत रोज एक गाडी उतरायची. झाडाझाडाला झोके, घराघरात लाह्या नि तंबिटाचे लाडू. जयवंतानंही तंबिट केलं. सकाळी वारूळ पुजून आली, आणि एक लाडू फोडून उंबऱ्यावर ठेवला. मला काय बोलली न्हाय. पण कामं करता करता एकसारखी दाराकडं यायची, खाली बघायची, परत जायची. मला कळलं. सासरी धाडलेली लेक पहिल्या पंचमीला माहेरी आणायचीच असती.

आणि उंबऱ्यावर एक मुंगी फिरकंल तर शपथ. येईलच कुठनं? घासलेट आम्हीच फिरवलेलं. दुपार झाली. शेजारच्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत व्हत्या. जयवंतानं बाळाला पाजलं, निजवलं, पुन्हा दाराशी आली. तिचं ते रिकाम्या उंबऱ्याकडं बघणं मला सोसंना. जन्मभर मी म्हणत आले की मुंगी ती मुंगी. पण त्या दिवशी एक मुंगी मिळावी म्हणून मी देवीला नवस बोलले असते.

मी मागल्या दारानं बाहेर पडले. विहिरीजवळच्या लिंबाच्या झाडावर मुंग्या असत्यात. एक पान तोडलं, त्यावर एक चढवली, वर हात झाकला. चावली मला, चांगली कडकडून. चाव म्हटलं, पण उतरू नको. घराला वळसा घालून पुढल्या दारी आले, उंबऱ्यावर तंबिटापाशी पान टेकवलं. मुंगी उतरली, चुऱ्याला तोंड लावलं. पान मी ओच्यात खोवलं आणि हाक मारली, "जयवंते, अगं बाहेर ये. बघ कोण आलंय."

ती धावत आली. पुरी धावत, ओल्या हातांनी. उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसली आणि वाकली. आनंदानं तोंड कसं झालं व्हतं तिचं, काय सांगू. आणि मग ते हळूहळू उतरलं.

"आत्ती," ती म्हणली, "ही काळी हाय. आपली तांबडी व्हती."

मला त्या घाईत रंग सुचलाच न्हवता. जन्मभर ज्यांच्याशी लढले त्यांचा रंग मी इसरले. मी मान खाली घातली. तिनं माझ्या ओच्यातनं बाहेर आलेलं लिंबाचं पान बघितलं, माझ्या बोटावरची गांध बघितली. रागावंल, रडंल, काय करंल, मला कळंना. मुंगी आपली तंबिटाच्या कणाशी झोंबत व्हती. मी तिला उचलायला हात पुढं केला.

जयवंतानं माझा हात धरला.

"असू दे," म्हणली. "कुणाची तरी असंलच की ही. माहेराला आलीया, राहू दे."

वहिनीचं ते बोलणं मी जयवंताला कधी सांगितलं न्हवतं. वहिनी तर तिच्या लग्नाच्या आधीच गेलती. मी तिथंच, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला तिच्याजवळ बसले, तंबिटाचा अजून एक तुकडा मोडला आणि त्या मुंगीपुढं ठेवला.